कुलूप न लागलेली मेल

“ताई, आज नको. मेलच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती टाकली की आपलं जुनं कुलूप चालायचं बंद होतं,” अजिनाथ म्हणाला.

“म्हणजे मेल उघड्याच जाणार?” लीलाताईंनी दचकून विचारलं.

“तसं नाही. किल्ली असलेल्यालाच मेल वाचता यावी म्हणून आतापर्यंत कुलपाची पुरवणी आपण वेगळी बसवत होतो. आता ते मेलच्या प्रोग्राममध्येच आलंय. दोन्ही एकत्र नांदत नाहीत. जुनं काढून किल्ल्या नव्यात न्यायच्या. नीट तपासू दे.”

“तपास की, पण आजच. जुनी आवृत्ती धोक्याची झालीय, हे तूच सांगत होतास.”

ते खरंच होतं. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या त्या महिला मदत केंद्राच्या लीलाताई प्रमुख, आणि अजिनाथ तिथला एकटा कॉम्प्युटरवाला. जुन्या पुरवणीपायी त्यानं सगळ्या मशिनींवरचा अपडेट अडवून धरला होता. त्या दुपारी तो सोडला. किल्ल्या आल्या, जुन्या मेल उघडल्या, तेव्हा त्यानं समाधानानं चहा मागवला.

एक गोष्ट मात्र आली नव्हती. ‘या पत्त्यावरच्या मेलला न विचारता कुलूप लाव’ असे नियम त्यानं पुरवणीत घालून ठेवले होते. नव्या प्रोग्राममध्ये त्यांना जागाच नव्हती. कसली सूचनाही न येता ते गेले.

दुसऱ्या दिवशी केंद्रातल्या उत्कर्षानं नेहमीसारखी करकंबच्या धनाजीला मेल केली : तुमची बहीण राजनंदिनी केम गावात अमक्यांच्या घरी आहे, भेटून या. केंद्रानं राजनंदिनीला ज्याच्यापासून लपवलं होतं, त्या नवऱ्यानं धनाजीच्या मेलचा पासवर्ड केव्हाच मिळवला होता. किल्ली तेवढी धनाजीच्या मोबाइलवर होती, म्हणून इतके दिवस नवऱ्याला नुसता अक्षरांचा चिवडा दिसायचा. त्या दिवशी पत्ता दिसला.

धनाजी केमला पोचण्याआधी नवरा पोचला.

राजनंदिनीचा डावा डोळा वाचला नाही. “दवाखान्यात जाऊन काही बोलू नकोस, केंद्र बंद पडेल,” लीलाताईंनी बजावलं. अजिनाथ तरीही गेला.

“धनाजीनं तुमच्या नवऱ्याला काही सांगितलं नाही. चूक माझी आहे,” तो खाटेपाशी उभा राहून म्हणाला. “मी मशिनीत बदल केला आणि मेलला कुलूप लागलं नाही. तुमच्या नवऱ्यानं ती वाचली.”

राजनंदिनीनं उरलेला डोळा त्याच्याकडे वळवला.

“तुमी लई चांगलं हायसा, दादा. पर धनाजीला वाचवू नगा. मी कुटं हाय ते घरच्यांत त्याला एकट्यालाच ठावं हुतं की.”

“अहो, पण मेल...”

“मशीन कशाला दगा दील? दगा माणूसच देतंय.” तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. “त्याला आत सोडू नगा म्हनावं.”

अजिनाथनं पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. ती वळली नाही. शेवटी नर्सनं त्याला बाहेर काढलं.

दाराबाहेर धनाजी उभा होता. आत जायचं म्हणून त्यानं चपला आधीच काढून ठेवल्या होत्या.

“सांगितलं व्हय तिला?”

“सांगितलं.”

“मग जाऊ आत?”

अजिनाथनं नकारार्थी मान हलवली. धनाजीनं भिंतीला हात टेकून एकेक चप्पल परत पायात घातली.