टोकाला कुणी नसताना

मी एक जुनी साखळी आहे, मित्रांनो. एका वेल्डरने उरलेल्या सळ्या वाकवून, कडीत कडी अडकवून मला घडवलं. "हत्ती बांध, तुटली तर नाव बदलीन," तो बायकोला म्हणाला. तिने विचारलं, "आणि हत्ती आणणार कुठून?" त्याने कुत्रा आणला.

कुत्र्याचं नाव पिल्लू. तो म्हातारा झाला तरी नाव तेच राहिलं.

माझं एक टोक परसातल्या खुंटाला, दुसरं पिल्लूच्या गळ्यात. उन्हापावसात तो खुंटाभोवती फिरत राही. कंपासने काढावं तसं वर्तुळ जमिनीवर उमटलं. त्यात गवताचं पातंही उगवेना. कडेला पोचलं की मी ताठ होई, हिसका बसे आणि पिल्लूची मान वळे.

मग कायदा आला: कुत्र्याला दिवसभर उघड्यावर बांधायचं नाही, नाहीतर घेऊन जातील. शेजारणीने तक्रार केली. तपासनीस बाई रस्त्यावर दिसताच वेल्डरने मला घाईघाईने सोडवलं आणि पत्र्याखाली ढकललं.

"मोकळाच असतो मॅडम," तो म्हणाला. "बघा की, फाटकसुद्धा उघडंय."

पिल्लू उठला, फाटकाकडे निघाला. वर्तुळाच्या कडेला आला, आणि मी पत्र्याखाली निपचित पडलेली असताना त्याच्या मानेला हिसका बसला. तो वळला. फिरून आला. पुन्हा तिथेच हिसका.

बाईंनी कडेबाहेर बसून बिस्किट पुढे धरलं. पिल्लूची लाळ गळली, पाऊल पडलं नाही.

"अहो, काढा ना ती साखळी," वेल्डरची बायको न राहवून म्हणाली.

"काढलीच तर आहे गं." वेल्डर म्हणाला.

शेवटी त्यानेच पिल्लूला उचलून बाहेर नेलं. कड ओलांडताना पिल्लूचं अंग लाकडासारखं झालं होतं. बाईंनी त्याला घरातच ठेवायचं बजावलं. आता तो दाराशी झोपतो.

मी अजून पत्र्याखालीच आहे. इथे वारा पोचत नाही. तरी पिल्लू परसात आला, की माझ्या शेवटच्या कडीला ओढ बसते. टोकाला कुणीच नसतं.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुमच्याकडे तेलपाणी मागतात. माझं मागणं उलटं आहे. मला पुसू नका, गंजू द्या. कुणाच्या गळ्यात पुन्हा घालू नका. आणि त्या खुंटापाशी कधी गवत उगवलं, तर तेवढं मला येऊन सांगा.