बाजरीच्या कोठीत पुरलेली शिट्टी

मित्रांनो, मी एक जुनी शिट्टी आहे. पोलिसाच्या गळ्यातली नव्हे आणि मास्तरांच्या खिशातली तर मुळीच नव्हे. मी कुकरची शिट्टी. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. वाफेनं शिकवलं तेवढंच शिकले. म्हणून माझ्या बोलण्याला साखर लागलेली नसेल. गोड ऐकायचं असेल तर दुसऱ्या भांड्याकडे जा.

कारखान्यात मला साच्यात ओतलं, मधोमध भोक पाडलं आणि डोक्यावर काळी टोपी बसवली. नगरच्या बाजारातून छबूबाईनं मला कुकरसकट तिसगावला आणलं. लोकांना वाटतं, कुकर मोठा आणि शिट्टी म्हणजे त्याच्या कपाळावरची टिकली. वाटू द्या. मी तोंड उघडलं की अख्ख्या गल्लीला कळायचं, छबूबाईची डाळ शिजली. शेजारची चांगुणा माझ्या आवाजावर चुलीवर तवा टाकायची. "छबूबाईची शिट्टी झाली, उठा गं भवान्यांनो!" असं लेकींना ओरडायची. गल्लीत असा मान कुणाला होता सांगा.

मग छबूबाईच्या कानिफनाथाचं लग्न झालं. जामखेडची स्नेहल सून म्हणून आली. हसरी पोर. कणीक मळताना माझ्याबरोबर तोंडानं शिट्टी वाजवायची. छबूबाई म्हणायची, "बाईमाणसानं शिट्टी मारू न्हाई." स्नेहल म्हणायची, "मग आत्याबाई, हिला पण सांगा की!" मला ती तेव्हाच आवडली.

कुकरच्या झाकणाला एक झडप असते. मी तुंबले तर वाफेला बाहेर पडायला तेवढीच वाट. ती झडप गळू लागली. नवी बसवायची सोडून छबूबाईनं बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडून तिच्यावर कथलाचा डाग मारून तिचं भोकच बुजवून घेतलं. "वाफ वाया जाती," म्हणाली. त्यानंतर एका सकाळी तुरीची सालं माझ्या खालच्या नळीत अडकली. माझं तोंड बंद, झडपेचं तोंड बंद. जिथं कुणालाच बोलू देत नाहीत तिथं शेवटी जे होतं, ते झालं. झाकण उडून छताच्या पत्र्यावर आदळलं, उकळती डाळ स्नेहलच्या हातावर आली आणि मी घरंगळत कॉटखाली गेले.

"या मेल्या शिट्टीनंच घात केला!" छबूबाई म्हणाली. झडपेवरच्या डागाचं नाव तिनं काढलं नाही. आजतागायत काढलेलं नाही.

हात बरा झाला, नवी कातडी आली. भीतीवर मात्र खपली धरेना. चांगुणाच्या घरी शिट्टी झाली की इकडं स्नेहलच्या छातीत घण पडायचे. हातपाय गार, तोंडाला कोरड, श्वास पुरायचा नाही.

"आत्याबाई, मी मरते."

"मरायला काय झालंय? आमी काय कदी भाजलो न्हाई? पर असली नाटकं न्हाई केली!"

कानिफनाथ मात्र भला माणूस. मित्रांनो, तिचं निम्मं वाटोळं या भलेपणानंच केलं. त्यानं मला फडक्यात गुंडाळलं, बाजरीच्या कोठीत तळाशी ठेवलं आणि वरून धान्य ओतलं. मग गल्लीत दारोदार गेला. "आमची रानात गेल्यावरच कुकर लावा, हात जोडतो." गल्लीनं ऐकलं. चांगुणा तर पातेल्यात डाळ शिजवू लागली. केवढी ती माया! आणि तिकडं काय झालं? भीतीला पाट मांडून जेवायला वाढलं की ती जायचं नाव घेत नाही, अंगानं भरते. स्नेहल आधी शिट्टीला भ्यायची. मग चहाच्या वाफेला भिऊ लागली. मग एसटी थांबताना फुस्स करते त्याला. मग पंक्चरवाल्याच्या हवेला. बाजार सुटला, रान सुटलं, शेगडी सुटली. खोलीत कानात कापूस घालून बसू लागली. आणि मी बाजरीत. दोघी पुरलेल्या.

छबूबाईनं अंगारा आणला, लिंबू उतरवलं. गुण येईना, तशी एके दिवशी पदर खोचून उठली. "काट्यानं काटा निघतो," म्हणाली. मला बाजरीतून उपसलं, नवं झाकण आणून कुकर चढवला, स्नेहलला स्वयंपाकघरात ढकललं आणि बाहेरून कडी घातली. मला गप्प राहता आलं असतं तर राहिले असते. पण वाफ मला विचारत नाही. मी ओरडले. पोरीनं नखांनी दार ओरबाडलं आणि दारातच कोसळली.

"सोंग हाय," छबूबाई म्हणाली. "न्हाईतर जामखेडला नेऊन घाल तिला. येडी सून माझ्या दारात नको."

आईपुढं कधी ब्र न काढणारा कानिफनाथ त्या दिवशी बोलला. "आये, आधी दवाखाना. मग जामखेडचं बघू."

पाथर्डीच्या सरकारी दवाखान्यात तिच्या छातीची ईसीजीची पट्टी काढली. चांगली निघाली. डॉक्टरांनी मग मनाच्या आजारांचं बघणाऱ्या शिफा मॅडमकडं धाडलं. छबूबाई बरोबर गेली होती, निकाल ऐकायला. पिशवीत मलाही घेतलं होतं, गुन्हेगार दाखवायला.

"येड लागलंय ना हिला?" छबूबाईनं बसायच्या आधीच विचारलं.

"नाही आजी. हा भीतीचा आजार आहे आणि तो बरा होतो. छातीत धडधडतं ते खरंच धडधडतं, ती सोंग करत नाही." मग शिफा मॅडम कानिफनाथाकडं वळल्या. "कानिफभाऊ, बैल एखाद्या वळणावर बुजला तर काय करता?"

"थोपटत नेतो. थांबत थांबत."

"दुसऱ्या वाटेनं का नाही नेत?"

"मग तो त्या वळणाला जन्मभर बुजंल की."

"आणि चाबकानं हाणत नेलं तर?"

कानिफनाथानं आईकडं पाहिलं. छबूबाईनं पदर सारखा केला आणि भिंतीकडं पाहिलं.

तिथून माझे कामाचे दिवस पुन्हा सुरू झाले. डॉक्टरांनी काही काळासाठी गोळी दिली. शिफा मॅडमनं श्वास हळू सोडायला शिकवलं, आणि मला कामाला लावलं. हो, मलाही औषधात धरलं! आधी स्नेहलनं मला नुसतं लांबून बघायचं. मग गार असताना तळहातावर घ्यायचं आणि धडधड आपोआप उतरेपर्यंत टाकून पळायचं नाही. तिचा घाम माझ्या अंगाला लागायचा. मग कुकरात नुसतं पाणी, आणि ती अंगणात. मग उंबऱ्यात. मग आत. कुठवर यायचं ते तिनं ठरवायचं. मधेच एकदा गल्लीत टायर फुटला आणि पोर पुन्हा अंगणात गेली. छबूबाई म्हणाली, "झालं! गेलं सगळं पाण्यात!" दुसऱ्या दिवशी स्नेहलनं अंगणापासून परत सुरुवात केली.

आणि मग एका सकाळी तिनं स्वतः डाळ धुतली, माझ्या खालची नळी उजेडात धरून पाहिली, नवी झडप बोटानं चाचपली आणि कुकर चढवला. मी ओरडले. तिचा हात शेगडीजवळच राहिला. थोड्या वेळानं ती ओठ गोल करून शिट्टी वाजवू लागली. मला रडता येत असतं तर मी रडले असते. वाफेवरच भागवलं.

इथं थांबले असते तर गोष्ट गोड झाली असती. पण मी सांगितलं ना, साखर माझ्याकडं नाही.

छबूबाईनं नारळ फोडला आणि गल्लीभर पेढे वाटले. "अंगाऱ्यानं गुण आला," म्हणाली. दवाखान्याचा द सुद्धा काढला नाही. घरात ताकीदच होती: "येड्याच्या डाक्टरकडं गेल्तो म्हनून कुटं बोलायचं न्हाई. लोक थुकतील तोंडावर."

परवा चांगुणा आली. डोळे सुजलेले. तिची लेक पंकजा कॉलेजच्या गाडीत बसत नाही. बसली की श्वास कोंडतो, मरते म्हणते. घरातच पडून असते.

"छबूबाई, तुज्या सुनंला कशानं गुण आला गं? खरं सांग."

"अंगारा. देते की तुला."

स्नेहल कुकर चढवून शेगडीपाशी उभी होती. तिनं तोंड उघडलं. छबूबाईनं नुसतं पाहिलं. आणि मित्रांनो, जी पोर माझ्यासमोर उभी राहायला शिकली, तिनं त्या नजरेपुढं मान खाली घातली. चांगुणा कागदाची पुडी घेऊन गेली. मी त्याच वेळी जीव तोडून ओरडले. चांगुणा दारातून हसून म्हणाली, "वाजती बाई तुजी शिट्टी अजून!" तिला काय कळणार!

झाकणाची झडप बदलली. या घराच्या तोंडावरचा डाग मात्र तसाच आहे.

मला एकच आवाज दिलाय आणि त्यात शब्द नाहीत. तुम्हाला तोंड आहे. घाबरलेल्याला हसू नका, कोंडू नका, आणि मायेपोटी त्याची भीती बाजरीत पुरूनही ठेवू नका. दवाखान्यात न्या. गुण आला तर कुठं आला, ते उंबऱ्यात उभं राहून मोठ्यानं सांगा. आणि आमच्या गल्लीत कधी आलात, तर एवढं जाऊन सांगा. आमच्या शेजारचं दार चांगुणाचं. पंकजा आतच आहे.