देवाच्या वाट्याचं पाणी

"आधी तो मका बघा जाऊन, मग अंगात चढवा हा इस्त्रीचा सदरा!" धाकट्याची बायको दारातच आडवी उभी राहिली. "पानांच्या सुरळ्या झाल्यात. पाण्याची पाळी आपली, आणि तुम्ही निघालात गाणी म्हणायला."

"प्रार्थनेला निघालोय."

"तेच ते. तुम्ही डोळे मिटून बसा, पाणी जाऊ दे ओढ्याला."

धाकटा अंग चोरून तिच्या बाजूने निघाला. रविवारी प्रार्थना होईपर्यंत फावड्याला हात लावायचा नाही, हा त्याच्या बापाचा शब्द. देव पहिला, पोट मागून. वाटणी झाली तेव्हा पाटाची रविवारची पाळी दोघा भावांत अर्धी अर्धी आली. सकाळ एकाची, दुपार दुसऱ्याची. सकाळवाल्याचं पाणी प्रार्थनेपायी हकनाक जाणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. तेव्हा थोरल्याने धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझं मन मोठं आहे. सकाळ तू घे. देवाला दिलेलं कधी वाया जात नाही." थोरला प्रार्थनाघरात पुढे उभा राहून प्रार्थना चालवायचा. अशा माणसाने मन मोठं म्हटल्यावर धाकटा विरघळणारच की!

त्या दिवशी प्रार्थना ऐन रंगात आली असताना बायको दारात येऊन उभी राहिली. लुगड्याचा काठ चिखलाने भरलेला. ती हाताने बोलवत होती. धाकट्याने पाहिलं आणि डोळे घट्ट मिटून घेतले. पुढून थोरल्याचा आवाज आला, "ज्याचं चित्त शेतात, तो देवाला फसवतो." चार माना धाकट्याकडे वळल्या. तो शरमेने अर्धा झाला.

प्रार्थना सुटल्यावर तिने त्याला बाहीला धरून पाटावर नेलं. धाकट्याच्या वाफ्याकडची, पाणी अडवायची फळी खाली होती, तशीच कोरडी. आणि थोरल्याची फळी वर! पाणी सरीसरीतून खळखळत त्याच्या मक्यात शिरत होतं. ओढ्याला थेंब जात नव्हता.

थोरला मागून आला. पळाला नाही, लाजलाही नाही.

"दादा, हे काय?"

"वाया जाणारं पाणी. प्रार्थनेला येता येता फळी उचलली. फावडं नाही हं धरलं मी!"

"कधीपासून चाललंय?"

"भावजी कशाला सांगतील?" बायको उसळली. "वाटणी झाल्यापासनं! त्यांचा मका डोक्याच्या वर आणि आमचा गुडघ्याला, तेव्हाच माझं डोकं चालायला हवं होतं."

"तू सोडलेलंच होतंस ना?" थोरला म्हणाला.

"देवासाठी सोडलं होतं. तू नुसतं मागितलं असतंस तर तुलाही दिलं असतं, दादा."

"मग दिलंस असं समज. आपण काय परके आहोत?"

मका जळाल्याचं दुःख धाकट्याने गिळलं असतं. पण दर रविवारी तो भरल्या डोळ्यांनी देवाला म्हणायचा, माझ्याकडे एवढंच आहे, घे. आणि ते घ्यायला मध्येच सख्खा भाऊ ओंजळ धरून बसला होता. याच माणसाच्या तोंडून तो देवाचं वचन ऐकत आला होता. आता विश्वास ठेवायचा तरी कुणाच्या तोंडावर?

पुढच्या रविवारी बायकोने त्याच्या हातात फावडं दिलं. "आज पाणी धरा. देव समजून घेईल."

"घेईल गं. पण देवाने काय वाकडं केलंय माझं?" त्याने फावडं भिंतीला टेकवलं आणि सदरा घातला.

प्रार्थनाघरात थोरल्याने नेहमीसारखं विचारलं, "कुणाला साक्ष द्यायची आहे?"

धाकटा उभा राहिला. "माझं सकाळचं पाणी मी देवाला दिलं होतं. ते दादाच्या मक्यात सापडलं." एवढंच बोलून तो खाली बसला.

मग दोघा भावांची नाळ कापलेली म्हातारी सुईण बाकावरून बोलली, "आणि आत्ता रे? आत्ता फळी खाली आहे का?"

थोरला बायबलची पानं उलटू लागला.

"तुला विचारतेय मी!"

थोरल्याने बायबल मिटलं आणि कुणाकडे न बघता मधल्या वाटेने बाहेर निघून गेला. मान मात्र खाली होती. धाकट्याला वाटलं होतं, खरं बोललं की छाती हलकी होईल. कुठलं काय! भाऊ गेला, एवढंच त्याला कळलं.

"बसलास काय? पुढं हो. देव खोळंबलाय," सुईण म्हणाली.

तो पुढे गेला आणि त्याने नेहमीचं गीत धरलं. लहानपणापासून दोघे ते मिळून गायचे. थोरला वरच्या सुरात, हा खालच्या. त्याला खालचाच तेवढा येत होता. वरचा सूर कुणीच उचलला नाही. बाहेर पाटावर फळी धाडकन खाली पडली. धाकट्याचा आवाज चिरकला, तरी त्याने गीत सोडलं नाही.