काळी पॅकार्ड, निळी इम्पाला

हेमंताचं कोवळं, केशरी ऊन पन्हाळ्याच्या उतारावरून ओघळत होतं. खाली उसाच्या फडांवर रुपेरी तुरे डोलत होते, गुऱ्हाळांचा गोड धूर दरीभर तरंगत होता. त्या गंधमंथर सकाळी घाटाच्या वळणावर दोन गाड्या शेजारीशेजारी उभ्या होत्या.

एक काळी. एक निळी.

काळी पॅकार्ड एकोणीसशे एकोणचाळीसची. उन्नतनासिका, वर्तुळनेत्रा, गजगामिनी. तिच्या अंगावर ऊन पडत नव्हतं, मुरत होतं.

निळी इम्पाला वीस वर्षांनी धाकटी. रुंद, ऐसपैस, पाठीमागे दोन पंख पसरलेली. आत्ता उडेल, मग उडेल अशी. तिच्या क्रोमवरून ऊन घसरत होतं, उड्या मारत होतं, खिदळत होतं.

पॅकार्ड कुमुदिनीबाई इंगवल्यांची, वडिलांकडून आलेली. इम्पाला रणधीरराव नलवड्यांची, हौसेनं जपलेली. दोघंही साठीपार, दोघंही एकटी. दिवाळीत रणधीररावांनी हलकेच विचारलं होतं, “उरलेला रस्ता सोबतीनं करायचा का?” बाई अजून गप्पच होत्या.

“तुमची गाडी म्हणजे राजमाता,” रणधीरराव म्हणाले. “माझी आपली नाचरी.”

“नुसती नाचरी नाही, मिरवणारीसुद्धा!”

“मग चालवून बघा की. तुमची मी आणतो मागनं. द्याल तर.”

बाईंचा हात किल्लीवर थबकला. वडिलांच्या तळहातांनी गुळगुळीत झालेलं ते स्टिअरिंगचं चाक. नवऱ्याच्या हातीसुद्धा त्यांनी ते कधी दिलं नव्हतं. वारा थांबल्यासारखा झाला.

आणि त्यांनी किल्ली पुढे केली.

इम्पाला निघाली. निघाली कसली, वाहू लागली! काचेतून अख्खं आभाळ आत आलं. पदर फडफडला, चांदीकेस उधळले, बाई एकट्याच मोठ्यानं हसल्या.

मग त्यांनी आरशात पाहिलं.

मागच्या वळणावरून पॅकार्ड येत होती. संथ, सावळी, उन्हात न्हालेली. वडील गेल्यापासून ती धावताना बाईंना दिसलीच नव्हती; त्या सदैव तिच्या आतच होत्या. फाटकाच्या गजांना धरून बाबांची वाट पाहणारी परकरी पोर त्यांच्या डोळ्यांत टचकन उभी राहिली.

त्यांनी गाडी कडेला घेतली. पॅकार्ड शेजारी येऊन थांबली.

“काय ओ, बिघडलं काय?” रणधीररावांचा कावराबावरा स्वर.

“काही नाही. तुम्ही पुढं व्हा. मला तिला जाताना डोळे भरून बघू द्या.” क्षणभर थांबून, लाजून, पण स्पष्ट स्वरात त्या म्हणाल्या, “आणि दिवाळीत विचारलंत ना? हो. करू या सोबत.”

रणधीररावांनी पॅकार्डचा हॉर्न दाबला; त्याचा खर्ज दरीत घुमला. इम्पालानं वरच्या पट्टीत ओ दिली. आणि कड्याच्या कपारीतून पारव्यांचा थवा उठला, उन्हात उजळला, आभाळात विरघळत, विरघळत गेला.