काठावर गाठी असलेली पट्टी

ज्या वर्षी धाकटी जाऊ लग्न होऊन या घरात आली आणि तिच्या ट्रंकेतून कपड्यांपेक्षा मासिके जास्त निघाली, त्या वर्षी माझा जन्म झाला. थोरल्या जावेची मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. तिचे पुढचे दोन दात पडले होते, हे मला थोरलीच्या तोंडून पुष्कळदा ऐकायला मिळाले आहे, म्हणून सांगते.

मित्रांनो, मी विणकामाची एक जुनी पट्टी आहे. रुंदीला एक वीत आणि लांबीला सात हात. मला पाहून लोकांना मफलरच वाटतो. पण मी मफलर नाही. मी कोणाच्या अंगावर चढले नाही आणि कोणाची थंडी घालवली नाही. एका बाईला अक्षरे येत नव्हती, म्हणून तिने मला विणले. मी तिची वही होते.

ती बाई म्हणजे या घरची थोरली जाऊ. घर पहिल्या मजल्यावर होते आणि खाली दोघा भावांचे कुलुपे दुरुस्त करण्याचे दुकान होते. थोरलीचे यजमान किल्लीवाले म्हणून ओळखले जात. दिवसभर खालून कानशीचा आवाज येई आणि वर खिडकीजवळ सुयांचा. थोरलीचा हात इतका चांगला होता की लोकरीचे दुकानदार तिच्याकडे स्वेटर विणायला पाठवत. सुया तिने लहानपणी हातात घेतल्या होत्या. पाटी मात्र घेतली नव्हती, कारण घरात पाठची चार भावंडे होती आणि त्यांना सांभाळायला कोणीतरी हवे होते. तिला बोटांवर मोजता येई, पण छापलेला आकडा आणि छापलेले अक्षर यांत तिला फरक दिसत नसे.

धाकटी शाळा पुरी करून आली होती. तिच्या मासिकांत शेवटच्या दोन पानांवर विणकामाचे नमुने असत. धाकटीला वाचता येई, विणता येत नसे. तिच्या हातात सुया गेल्या की लोकर अशी आवळली जाई की टाका पुढे सरकत नसे. मग दोघींचे जमले. दुपारची आवराआवर झाली की खिडकीत बसायचे, धाकटीने वाचायचे, थोरलीने विणायचे. "दोन सुलट, दोरा पुढे, दोन टाक्यांचा एक," असे धाकटी म्हणे आणि थोरलीची सुई तिच्या शब्दाच्या आधीच तिथे पोहोचलेली असे.

ऐकलेला नमुना विसरू नये म्हणून थोरली तो माझ्यावर विणून ठेवी. प्रत्येक नमुन्याला चार बोटे जागा आणि उरलेल्या लोकरीचा कुठलाही रंग. त्यामुळे मी आधी विटकरी आहे, मग राखाडी, मग पिवळी. नमुना संपला की दोन ओळी खरबरीत विणायच्या, म्हणजे हाताला कळावे की इथे पान संपले. आणि जितक्या टाक्यांनी नमुना पुन्हा फिरून येतो, तितक्या गाठी माझ्या डाव्या काठाला मारायच्या. वेणीला आठ गाठी, जाळीला सहा. माझे वरचे टाके तिने कधी बंद केले नाहीत. त्यांतून एक जाड दोरा ओवून ठेवायची. पुढचा नमुना आला की दोरा काढायचा, सुई घालायची आणि पुढे निघायचे.

घरात मला शेपटी म्हणत. "काय, शेपटी वाढली का?" असे किल्लीवाले रोज जेवताना विचारत. एका गारठलेल्या सकाळी ते मला गळ्याला गुंडाळून दुकानात जाऊन बसले. थोरली जिन्यावरून ओरडत खाली आली. ते म्हणाले, "अगं, तुझी सगळी शाळा गळ्यात घातली, म्हटलं आपणही थोडे शिकू." ती हसली नाही. तिने मला त्यांच्या गळ्यातून काढले, झटकले आणि वर नेले. माझा मान ठेवणारी ती एकच होती, पण तिने तो पुरेपूर ठेवला.

अशी बारा वर्षे गेली. माझ्यावर तीस नमुने झाले.

मग थोरलीच्या मुलीला नर्सिंग शिकायला एका दूरच्या, थंड गावी जायचे ठरले. थोरलीने मनात धरले की मुलीच्या अंगावर आपल्या हातचा स्वेटर हवा. तसे तिने कोणाला सांगितले नाही, पण लोकर आणायला ती स्वतः गेली आणि तीन दुकाने फिरली. गडद हिरवी लोकर आणली. नमुना धाकटीच्या मासिकातला, पानांचा. आधी तो माझ्यावर विणला, अकरा गाठी मारल्या आणि मग स्वेटर सुरू झाला.

मित्रांनो, इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचे सगळे तिच्यामुळे झाले. मासिकात एकाच स्वेटरची तीन मापे दिलेली असतात. लहान मुलीचे माप आधी, मग कंसात मधले आणि शेवटी मोठ्या बाईचे. वाचणाऱ्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच जागेचा आकडा धरून वाचायचा. धाकटी तिसरा आकडा वाचत होती. पाठ मुंढ्यापर्यंत आली, म्हणजे जिथे बाही जोडायची त्या खाचेपर्यंत, आणि ओट्यावर दूध उतू गेले. धाकटी धावली, गॅस बंद केला, ओटा पुसला आणि परत येऊन बसली. त्यानंतर ती पहिला आकडा वाचू लागली. मुंढा, पुढचे दोन्ही भाग आणि बाह्या, सगळे लहान मुलीच्या मापाने.

थोरलीचा हात मुंढ्यावर थांबला होता. मी तिच्या मांडीवरच होते, मला ते कळले. तिने वीत लावून पाहिली आणि विचारले, "एवढाच?"

धाकटी म्हणाली, "छापलंय तसंच वाचतेय, जाऊबाई."

थोरली पुढे विणू लागली.

निघायच्या आदल्या दिवशी मुलीने स्वेटर अंगात घालायला घेतला. बाही कोपराच्या वर गेलीच नाही. मुलीने ओढून पाहिला, मग काढून ठेवला आणि म्हणाली की काही हरकत नाही, तिकडे विकत घेईन. खोलीत सगळे होते. थोरली धाकटीकडे वळून म्हणाली, "शिकलेली म्हणे. तुझ्या वाचण्याचा आम्हाला काय उपयोग?"

 मुलगी यंत्रावर विणलेला, वडिलांनी घाईत आणलेला स्वेटर घालून गेली. हिरवा स्वेटर ट्रंकेत गेला आणि त्याच्यावर घडी करून मी.

त्यानंतर दोन वर्षे दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. स्वयंपाकघर एक, ओटा एक, पण बोलणे किल्लीवाल्यांमार्फत. "त्यांना सांगा, मीठ संपलंय." "त्यांना सांगा, डबा पुसून ठेवलाय." ट्रंकेच्या झाकणातून मला सगळे ऐकू येई. एकदा किल्लीवाले वैतागून भावाला म्हणाले, "घरात दोन कुलपं बसलीत आणि किल्लीवाला मी. बाहेर सांगायचीसुद्धा सोय नाही." भाऊ हसला. दोघी हसल्या नाहीत. थोरली त्या काळात दुकानाचे स्वेटर विणत होती, पण सगळे आठवणीतले, जुने. नवा नमुना आला नाही, म्हणून मलाही कोणी बाहेर काढले नाही. वापर थांबला की वस्तूला आधी वाईट वाटते आणि मग तेही वाटेनासे होते. माझे तसे झाले.

एका सकाळी थोरलीच्या हातातून कप पडला आणि मागोमाग ती पडली. अर्धांगवायूचा झटका होता. जीव वाचला, बोलणेही सावकाश परत आले, पण उजवा हात गेला. तो मांडीवर ठेवला तर तिथेच राही.

तिचे सगळे धाकटी करू लागली. भरवणे, अंग पुसणे, वेणी घालणे. बोलणे कामापुरतेच. थोरली खिडकीबाहेर बघत बसे आणि डाव्या हाताची बोटे उजव्या हाताच्या बोटांवरून फिरवी, जणू तिथे टाके असावेत.

एका दुपारी चादर काढायला धाकटीने ट्रंक उघडली आणि मी तिच्या हाती लागले. तिने मला पुरते उलगडले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिले आणि मग मला घेऊन थोरलीच्या पलंगावर बसली. म्हणाली, "जाऊबाई, हे मला वाचता येत नाही."

कामापलीकडचे हे दोन वर्षांतले पहिले वाक्य होते.

 थोरलीने डाव्या हाताने धाकटीचे बोट धरले आणि माझ्या विटकरी टोकावर ठेवले. "सपाट लागतो तो सुलट. बोटाला अडतो तो उलट. डोळे मीट. डोळे घाई करतात."

अशा रीतीने धाकटीची शाळा सुरू झाली. शिकलेल्या बाईला माझ्यावरच्या चार बोटांची ओळख व्हायला आठ दिवस लागले. मग सुया आल्या. "केवढं घट्ट ते. लोकरीचा गळा दाबतेस की काय?" थोरली अर्ध्या तोंडाने म्हणे. धाकटी उसवे आणि पुन्हा विणे. महिन्याभराने तिला एक उलट एक सुलट असा साधा नमुना जमला, तेव्हा थोरलीने माझा दोरा काढायला सांगितला आणि तो माझ्यावर विणवून घेतला. बत्तिसावा नमुना. तोही हिरव्या लोकरीत, कारण घरात तीच उरली होती. तिथे मी इतकी आवळली गेले आहे की माझी कंबरच झाली आहे. काठाला दोन गाठी आहेत. त्या धाकटीच्या हातच्या.

ती दुसरी गाठ मारताना धाकटी म्हणाली, "त्या दिवशी दूध उतू गेलं. परत येऊन मी पहिला आकडा वाचायला लागले. बाह्या जोडायच्या आधी माझ्या लक्षात आलं होतं. सांगायला हवं होतं. धीर झाला नाही."

थोरलीने मान हलवली. शब्द जुळवायला तिला वेळ लागे. "मला तर मुंढ्यालाच कळलं होतं. हात सांगत होता, अरुंद आहे म्हणून. तीस वर्षं विणलं मी. तरी म्हटलं, छापलेलं आहे, ते कसं चुकेल? आपलाच हात चुकत असेल." थोडे थांबून ती म्हणाली, "राग माझा माझ्यावरच होता गं. तू जवळ होतीस, तुझ्यावर काढला."

धाकटीने माझ्यात तोंड लपवले. मी लोकरीची आहे, मला तेवढे ओले व्हायला काही वाटत नाही.

त्याच आठवड्यात हिरवा स्वेटर बाहेर निघाला. मुलगी थंडीत सुट्टीवर येणार होती. तोवर तो तिच्या मापाचा करायचा, असे थोरलीने ठरवले, आणि या वेळी सगळ्यांना सांगितले. पुढचे भाग आणि बाह्या पुरत्या उसवायच्या, पाठ मात्र खांद्यापासून मुंढ्यापर्यंतच, आणि तिथून पुन्हा चढायचे. उसवताना एक टाका जरी निसटला तरी खालची पाने विस्कटतात.  थोरली म्हणाली, "मासिक आण. तिसरा आकडा मोठ्याने वाच. मग माझी वीत लाव. दोन्ही जुळलं तरच पुढे जा. नाही जुळलं तर आपण दोघी बसून बघू, कोण खोटं बोलतंय ते."

पानांचा नमुना मासिकात होताच, पण धाकटी पुन्हा पुन्हा माझ्याकडे येई. डोळे मिटून अकरा गाठी मोजी, बोट पानाच्या देठापासून टोकापर्यंत नेई आणि मग विणे. माझ्या आयुष्यात मला इतके कोणी वाचले नव्हते. थोरलीला तर मी पाठ होते.

पाठ झाली, पुढचे भाग झाले, डावी बाही झाली आणि जोडली. थोरलीने ती बाही आपल्या निकाम्या उजव्या हातावर चढवायला सांगितली. धाकटीने तो हात उचलून सावकाश आत घातला. खांद्यापर्यंत कुठे अडला नाही. "आता बरोबर," थोरली म्हणाली.

मित्रांनो, या गोष्टीला पुष्कळ वर्षे झाली. आता मी कपाटाच्या वरच्या खणात असते. तो स्वेटर थोरलीच्या मुलीने वॉर्डात रात्रपाळीला घालून घालून कोपरांवर दोनदा रफू केला. मासिके रद्दीत गेली. धाकटीने माझ्यावर आणखी नऊ नमुने घातले. ते पहिल्यासारखे घट्ट नाहीत.

मी तुमच्याकडे एवढेच मागते. तुमच्या घरात अशी एखादी वस्तू असेल, जिचा उपयोग लगेच समजत नाही, तर ती टाकण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा की हे कसे वाचायचे. विचारायला उशीर करू नका. मला गरम पाण्यात घालू नका, मी आटते. माझ्या वरच्या टोकाला दोरा ओवलेला आहे, तो गंमत म्हणून ओढू नका. माझे टाके अजून उघडे आहेत. कोणाला पुढे विणायचे असेल तर जागा आहे. आणि छापलेले जरूर वाचा, पण हात थांबला तर त्याचेही ऐका.

एक सांगायचे राहिले. थोरली जाऊ स्वेटर पुन्हा विणायला घेतला त्याच वर्षी, थंडी सुरू झाल्यावर दुसऱ्या मंगळवारी, सकाळी सात वाजता वारली. मुलगी गुरुवारी पोहोचली. उजवी बाही तेव्हा कोपरापर्यंत आली होती.