कोणाच्या मापाच्या बांगड्या

मानेवाड्याच्या त्या ले-आउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वसाहतीत, ताराचंदरावांना आजही सगळे टीसी साहेबच म्हणतात. रेल्वेतून रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण माणसाची खोड कुठे रिटायर होते? नुसत्या चालीवरून बिनतिकिटाचा प्रवासी ओळखणारा हा गृहस्थ. गल्लीत नवी गाडी उभी राहिली की कोणाची, कोणाकडे पार्सल आलं की कुठून, शेजारी फोडणी पडली की कशाची, हे कळल्याशिवाय यांच्या घशाखाली चहा उतरायचा नाही. आणि अशा माणसाच्या स्वतःच्या घरात, स्वतःच्या मागच्या आंगणात, स्वतःची बायको रोज सकाळी काहीतरी करत होती आणि ते कोणासाठी, हेच त्यांना कळत नव्हतं. घ्या आता!

म्हणजे काय करत होती ते दिसतच होतं. कामिनीबाई हलवा करत होत्या. संक्रांतीचा, काटेरी, पांढराशुभ्र. शेगडीत राखेखाली झाकलेले निखारे, वर पितळी परात, परातीत तीळ आणि साबुदाणा. चमच्याने साखरेचा पाक थेंब थेंब सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी दाणे हलवत राहायचे. बोटं भाजतात, कंबर धरते, पण हात थांबला की दाण्यांचा गोळा झालाच म्हणून समजा. शिवाय काटा धरतो तो कडक थंडीतच. यंदा नागपुरात थंडीही अशी पडली होती की सकाळी नळाला हात लावायची हिंमत होत नव्हती. त्यामुळे काटा असा काही फुलला की ताराचंदरावांनी न राहवून एक दाणा तोंडात टाकला आणि हातावर चापट खाल्ली.

"कोणासाठी वं एवढं?" हात चोळत त्यांनी विचारलं.

"वाटायले. तिळगुळासोबत."

"एवढं?"

"ले-आउट लहान आहे काय आपलं?"

झालं, संपलं. एरवी ताराचंदराव एवढ्यावर सोडणारे नव्हेत. चार उपप्रश्न विचारून समोरच्याला रडकुंडीला आणलं असतं. पण ते गप्प बसले, कारण मनात भीती होती. ती भीती आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं तुम्हाला रिकामटेकड्या म्हाताऱ्याच्या चांभारचौकशा वाटतील.

त्यांचा एकुलता एक मुलगा ऋषिकेश. तापाचं निमित्त झालं आणि आठवड्यात खेळ आटोपला. त्यानंतरचा हा चौथा हिवाळा. त्याआधी थंडी पडली की कामिनीबाईंचे हात कोणाला रिकामे दिसायचे नाहीत. कोणाच्या नातवाला टोपरं विणून दे, कोणाच्या नव्या सुनेला हलव्याचे दागिने करून दे, सगळी हौस. ऋषी गेला आणि ते हात मांडीवर येऊन पडले ते पडलेच. गेल्या वर्षी एकदा तिने शेगडी पेटवली होती. तेव्हा ताराचंदरावांनीच, बिचाऱ्यांनी काळजीपोटी, "आता कायले त्रास करून राहिली?" असं विचारलं. तिने पाक मोरीत ओतला, खोलीत गेली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. उन्हाळा लागेपर्यंत नवऱ्याशी धड बोलली नाही. मग यंदा विचारायचं तरी कोणत्या तोंडाने? एक शब्द इकडचा तिकडे झाला आणि परात पुन्हा माळ्यावर गेली तर?

तेव्हा ठरलं, न विचारता शोधायचं.

दुपारी कामिनीबाई भाजीला गेल्या आणि टीसी साहेबांनी कपाटाची झडती घेतली. खालच्या कप्प्यात, जुन्या चादरीखाली, पुठ्ठ्याचे तुकडे निघाले. एक बाजूबंदाच्या आकाराचा, एक कंबरपट्ट्याचा, काही अर्धवट हलवा चिकटवलेले. आणि बांगड्या, पूर्ण झालेल्या, सुरेख, दाण्याला दाणा लागलेला. अरे बाप्पा! म्हणजे वाटायचा हलवा नव्हताच, दागिने होते. आता हलव्याचे दागिने घालतात दोघांनाच, नव्या नवरीला पहिल्या संक्रांतीला, नाहीतर तान्ह्या लेकराला. एवढा मोठा कंबरपट्टा लेकराचा कसा असेल? म्हणजे नवरी. पण घरात ना कोणाचं लग्न झालेलं, ना नात्यात. आता आली का पंचाईत!

त्यांनी एक बांगडी रुमालात गुंडाळून खिशात टाकली आणि फिरायला म्हणून बाहेर पडले. ले-आउटमध्ये यंदा नव्या सुना आलेली घरं होती. कोपऱ्यावरच्या घरची सून गेटपाशी दूध घेत होती. हे समोरच्या कडुलिंबाखाली उभे राहून तिच्या मनगटाकडे बघत राहिले. मनगट भरलेलं होतं. जमत नाही. पुढच्या गल्लीतली सून स्कूटीवरून उतरत होती, तिच्याही हाताकडे हे टक लावून. तेवढ्यात पाठीमागून आवाज आला.

"काहून गा ताराचंदभाऊ, लोकांच्या सुनांचे हात काय पाहून राहिले?"

यमुताई होत्या. शेजारच्या, कामिनीबाईंच्या जिवाभावाच्या मैत्रीण, आणि जीभ अशी की सबंध गल्ली टरकून असायची.

"तिकीट... म्हणजे, काही नाही, असंच," ताराचंदराव गडबडले.

"वय काय तुमचं? लाज नाही वाटत?"

शेवटी अब्रू वाचवायला त्यांना रुमाल सोडून बांगडी दाखवावी लागली. "हे पाहा. कामिनी हे करून राहिली. कोणासाठी, तुम्हाले माहीत आहे?"

यमुताईंनी बांगडी पाहिली आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा सगळा तोरा उतरला. "मले काही माहीत नाही," त्या म्हणाल्या. "मले कामिनीनं काहीच सांगितलं नाही. मी तं काही विचारलंही नाही." आणि चप्पल फटफटवत निघूनही गेल्या.

जन्मभर डब्याडब्यातून हिंडलेल्या माणसाला एवढं पुरेसं होतं. ज्याच्याकडे तिकीट नसतं तोच तीन तीनदा सांगतो. यमुताईंना सगळं माहीत होतं.

घरी येऊन त्यांनी बांगडी हातावर धरून पाहिली. इतकी लहान! कोणा बाईच्या हातात जाईल अशी वाटेना, शाळेतल्या पोरीची वाटावी. आणि तेव्हा त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हे माप त्यांनी पूर्वी पाहिलं होतं. ऋषीच्या लग्नात नवरीच्या मापाचा चुडा मिळेना म्हणून कामिनीबाईंनी इतवारीचा सगळा बाजार पालथा घातला होता, आणि पिशव्या धरायला मागे हेच होते. दुकानदार म्हणाला होता, "बाई, नवरीचा चुडा पाहिजे का लहान्या भाचीचा?" ते माप नंदिनीचं होतं. त्यांच्या सुनेचं.

बांगडी त्यांनी झटकन रुमालात परत गुंडाळली. कारण नंदिनी आता त्यांची सून राहिली नव्हती. ऋषी गेल्यावर पोरगी सासू-सासऱ्यांना धरून राहिली. मग यांनीच तिला समजावलं, आमच्या म्हातारपणात तू आपलं तारुण्य जाळू नको. गेल्या उन्हाळ्यात तिचं दुसरं लग्न झालं. नवरा प्रीतम, बुटीबोरीला कपड्याच्या कारखान्यात नोकरी, स्वभावाने सालस. सगळं यांच्या संमतीने झालं, पण लग्नाच्या दिवशी ताराचंदरावांचे पाय उचलेनात. डोकं दुखतं म्हणून ते पांघरूण घेऊन पडून राहिले, कामिनीबाई एकट्याच गेल्या. त्या परतल्यावर यांनी बजावलं, "आता ती दुसऱ्या घरची झाली. आपण तिच्या संसारात लुडबुड करायची नाही. फोनसुद्धा नको." कामिनीबाईंनी मान हलवली, आणि त्यानंतर या घरात नंदिनीचं नाव निघालं नाही.

आणि आता ही बाई नंदिनीच्या मापाचे नव्या नवरीचे दागिने करत होती. असेच दागिने तिने नंदिनीला पूर्वी केले होते, याच आंगणात, ऋषीच्या लग्नानंतरच्या संक्रांतीला. तिच्या मनात तीच संक्रांत तर पुन्हा सुरू झाली नसेल? ऋषी आहे, घरात नवी सून आली आहे, असं तर तिला वाटत नसेल? ताराचंदरावांना घाम फुटला, त्या थंडीत!

पुढचे काही दिवस त्यांनी बायकोवर अशी नजर ठेवली की चोरावरही कोणी ठेवत नसेल. चहात मीठ तर नाही ना? गॅस बंद केला का? ती स्वतःशी काही पुटपुटते का? पुटपुटत नव्हती, गुणगुणत मात्र होती, आणि ते तर आणखीच भीतीचं वाटलं. कुतूहल केव्हाच मागे पडलं होतं. आता त्यांना एवढंच हवं होतं की बायको शाबूत असावी.

शेवटी एका दुपारी गच्चीवर ऊन खात बसलेले असताना त्यांना राहवेना. कामिनीबाई समोर चटईवर, हातात सुई-दोरा, मांडीवर हलव्याचं मंगळसूत्र. यमुताईंनी बांगडीचं सांगितल्यापासून त्यांनी लपवालपवीही सोडली होती.

"कामिनी," ताराचंदरावांनी घसा खाकरला. "आज वार कोणता आहे?"

"मंगळवार. काहून?"

"असंच. अन् सध्या... आपल्या घरात कोण कोण राहते?"

कामिनीबाईंनी सुई खाली ठेवली. नवऱ्याकडे नीट पाहिलं. त्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही.

"अवो, मले वेड लागलं असं वाटलं काय तुम्हाले?"

"तसं नाही वं..."

"तसंच!" त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावला. "ऋषी गेला, ते मले माहीत नाही? रोज उठल्यावर पहिलं तेच आठवते मले. पण नंदिनीची त्या घरातली पहिली संक्रांत आहे. प्रीतमच्या घरी बाईमाणूस नाही. हिचे मायबाप लहानपणीच गेले, रामटेकच्या मामानं वाढवली, तो मामाही राहिला नाही. पोरीले हलव्याचे दागिने कोण करन? लग्न होऊन गेलेली पोरगी साध्या हातानं तिळगूळ वाटत बसन, हे डोळ्यासमोर आलं अन् मले राहवलं नाही."

"मंग मले सांगितलं काहून नाही?"

"तुम्हीच म्हटलं होतं ना, लुडबुड नको? तुम्ही नाही म्हटलं असतं तं माह्या हातून पुन्हा काही झालं नसतं. यमुताई स्वतःच्या नावानं नेऊन देणार आहे. माह्यं नाव सांगायचं नाही, असं ठरलं आमचं."

ताराचंदराव उठून कठड्यापाशी गेले. एवढे दिवस ही भीतीने लपवत होती आणि भीती होती ती त्यांचीच. ही पोरगी रात्ररात्र दवाखान्यात ऋषीच्या उशाशी बसली होती, आणि आपण तिच्या लग्नात तोंड लपवून पडून राहिलो. दुसऱ्या घरची झाली म्हणे. स्वतःला बघवत नव्हतं म्हणून तिचं नाव घरात घ्यायची बंदी केली आपण. त्यांना स्वतःची विलक्षण लाज वाटली.

मागे कामिनीबाई दागिने गोळा करायला लागल्या होत्या. त्यांना वाटलं, नवरा रागावला.

"थांब," ताराचंदराव वळून आले आणि चटईवर मांडी घालून बसले. एकेक दागिना उचलून पाहिला. बांगड्या, बाजूबंद, कंबरपट्टा, बिंदी. "यात माणसाचं काहीच नाही."

"कोण्या माणसाचं?"

"पहिल्या संक्रांतीले जावयाले हलव्याचा हार अन् हलवा लावलेला नारळ देतात ना?"

"देतात. पण ते पोरीच्या माहेरचे देतात. आपण तिचे सासरचे होतो, अन् तेही आता नाही."

"तेच म्हणून राहिलो मी. सासरा म्हणून माह्या हक्क संपला, कबूल. पण तिचं माहेर तं रिकामंच पडलं आहे ना वं? तिथं कोणी बसलं नाही अजून."

कामिनीबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "नारळाले टपोरा दाणा लागते. हलवा पुरणार नाही. पहाटे उठून कोळसे पेटवा लागन तुम्हाले."

"पेटवतो."

"अन् यमुताईले काय सांगू?"

"सांग, तुमची काही गरज नाही." त्यांनी खिशातून फोन काढला. नंबर अजून तसाच होता, 'नंदिनी सून' या नावाने. दोनदा वाजला नाही तोच पलीकडून उचलला गेला.

"बाबा?" तिचा आवाज घाबरलेला. "आई बऱ्या आहेत ना? काय झालं?"

"काही नाही झालं, सगळे बरे आहेत." ताराचंदरावांनी पाठ केल्यासारखं भराभर बोलून टाकलं, थांबले असते तर बोलता आलं नसतं. "जावईबापूले सांग, संक्रांतीले सुट्टी घ्या म्हणा. तुझे मायबाप येऊन राहिले."

पलीकडून रडण्याचा आवाज आला, आणि ताराचंदरावांनी फोन कामिनीबाईंच्या हातात दिला.