सहा विषय आणि माझी अडकलेली मान

मित्रांनो, मी एक जुना टेबल फॅन आहे आणि मला मानेचा त्रास आहे. कारखान्यातून आलो तेव्हा मान अशी झोकात फिरायची की दुकानदार मला दारातच उभा करायचा. एका नवराबायकोने मला घरी नेले. पहिल्या उन्हाळ्यात माझे कोण कौतुक! पाहुण्यांपुढे आधी मला ठेवत, मग पाणी. पुढे छताला पंखा लागला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथे फुटक्या बादलीशेजारी मी कित्येक वर्षे पडून होतो. त्या दिवसांबद्दल मला बोलवत नाही.

मला खाली आणले ते त्यांच्या मुलीने. तेव्हा ती जेमतेम टेबलाएवढी होती. तिने मला पार उघडले, पुसले, तेल घातले आणि पुन्हा जोडले. दोन स्क्रू उरले, पण मी सुरू झालो. "मी इंजिनिअर होणार," ती म्हणाली. त्या दिवसापासून मी तिचा.

बघता बघता तिचे शाळेचे शेवटचे वर्ष आले. सहा विषय निवडून सोमवारी कागद शाळेत द्यायचा होता. रविवारी दुपारी सगळे जेवणाच्या टेबलाभोवती बसले. माझ्या वाऱ्याने कागद उडू नये म्हणून त्यावर मिठाची बरणी ठेवली आणि चर्चेला तोंड फुटले.

गणित तिने आधीच लिहिले होते. भाषा सक्तीचीच होती.

"अकाउंट्स घे," बँकेत असलेले बाबा म्हणाले. "हिशेब कुणाला चुकलाय?"

"जीवशास्त्र असू दे," परिचारिका असलेली आई म्हणाली. "एक दार उघडं राहतं."

विमा विकणाऱ्या मामांनी परदेशी भाषा सुचवली, कारण बाहेर नोकरी लागली तर तोंड उघडता आले पाहिजे. आजोबांनी संगीत सांगितले, डोके शांत राहते म्हणून. आणि प्रत्येकाने पुढे जोडले, "बाकीचं काय, असेलच."

मुलीला कुणाचे मन मोडवत नाही. तिने सगळे लिहून घेतले. मी डावीकडून उजवीकडे मान हलवून नाही नाही म्हणत होतो, पण पंख्याच्या नकाराला कोण विचारतो? मामा म्हणाले, "वारा छान येतोय."

तेवढ्यात माझी मान बाबांच्या दिशेला अडकली. बाकीचे घामाघूम झाले. मुलीने मला बंद करून उघडले. आजोबा वाकून बघू लागले.

"हे फिरतं कशानं गं?"

"तारेतून वीज गेली की ती तार चुंबकासारखी वागते, आजोबा. त्या जोरावर मधला भाग फिरतो."

"वा! हे कुठल्या विषयात शिकवतात?"

"फिजिक्समध्ये," ती म्हणाली, आणि तिचा हात थांबला.

बाबांनी बरणी सरकवून कागद वाचला. आईने वाचला. मामांनी चष्मा लावून वाचला. फिजिक्स नव्हते. त्याच्याशिवाय इंजिनिअरिंग कॉलेज दारातही उभे करत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होते. पण ते दुसऱ्या कुणीतरी सांगितले असेल असे प्रत्येक जण धरून चालला होता.

"मग संगीत काढ," मामा म्हणाले.

"संगीत का? तुझी परदेशी भाषा काढ की," आजोबा म्हणाले.

झाले, जुंपली. बाबा अकाउंट्स सोडेनात, आई जीवशास्त्र. मुलीच्या डोळ्यांत पाणी आले.

"मी तुमची मनं सांभाळत बसले," ती म्हणाली. "पण कॉलेजात मला जायचंय. मलाच ठरवू द्या."

तिने तेलकट हातानेच चार विषय खोडले आणि फिजिक्स, केमिस्ट्री, संगणक, मशीन ड्रॉइंग असे लिहिले. मग आजोबांना म्हणाली, "गाणं तुम्ही घरी शिकवा." आजोबा खूश झाले. मामा मात्र संध्याकाळपर्यंत घुश्शात होते.

मित्रांनो, तिला प्रवेश मिळाला. ती दुसऱ्या गावी शिकायला गेली. तिच्या खोलीत छताला पंखा आहे म्हणे. मला वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

तुमच्या घरी कुणी पुढे काय शिकायचे ते ठरवत असेल, तर त्याला वारा घाला, पाणी द्या, आणि त्यालाही बोलू द्या. आणि घरात माझ्यासारखा एखादा म्हातारा असेल तर त्याच्या पात्यांवरची धूळ अधूनमधून पुसा. फक्त आधी प्लग काढा. मामांनी काढला नव्हता. फिजिक्स कशाला लागते, ते त्यांना तेव्हा पटले.